बर्फावर जाताना काय नेसावं

आमच्या घरात याद्या मीच करतो. एकतीस वर्षं ग्रामसेवकी केली, गावोगाव लोक ‘भाऊसाहेब, भाऊसाहेब’ करत मागं फिरले, त्यामुळं अनुक्रमांक टाकून कागदावर लिहिल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी आहे असं मला वाटतच नाही. मनालीला जायचं ठरलं तेव्हाही विजापूर रोडच्या घरात जेवणाच्या टेबलावर आखीव कागद घेऊन बसलो आणि वर लिहिलं : ‘थंड प्रदेशातील सहलीचे साहित्य’. खाली दोन रेघा मारल्या. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन, पंखा गरम वारा टाकतोय आणि मी लिहितोय, कानटोपी दोन नग. यादी सदतीस बाबींची झाली. अडतिसावी बाब अक्कल, ती लिहायची राहिली.

सहल लेकीनं काढून दिली होती. आमची प्रियदर्शनी पुण्यात नोकरीला आहे. आमच्या लग्नाला त्या मे महिन्यात चाळीस वर्षं होणार होती, तर तिनं आईला फोनवर विचारलं, आई, तुला काय पाहिजे? मला वाटलं, नेहमीप्रमाणं ‘मला काय करायचंय’ म्हणेल. राजाबाईनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मी नोकरीच्या गावी खोली करून राहिलो आणि ती सांगोल्याकडं आमच्या वाडीवर सासू-सासरे, साठ मेंढरं आणि दोन पोरं सांभाळत राहिली. मी रिटायर झालो तेव्हा कुठं सोलापुरात आली. तर ही बाई फोनवर म्हणाली, “मला एकदा बर्फावर चालायचं हाय.”

मी पेपर खाली ठेवला. हे कुठून आलं? मग तिनंच सांगितलं. लहानपणी एकदा मेंढरामागं असताना गारा पडल्या होत्या. दोन कोकरं दगावली, बापानं डोक्याला हात लावला, आणि ही पोरगी परकर पसरून गारा गोळा करून खात होती. तेव्हा बाप तिला म्हणाला होता, उत्तरेत असा मुलूख आहे की तिथं सगळी भुईच गारांची असती. पन्नास वर्षं तिनं हे कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं म्हणा.

लेकीनं सोलापूरहून निघणाऱ्या एका ग्रुपमध्ये आमची नावं घातली आणि व्हॉट्सॲपवर सूचना पाठवल्या. आतून घालायचे गरम कपडे प्रत्येकी दोन जोड. एकावर एक थर घालायचे. सुती काही नको, ओलं झालं की वाळत नाही. चांगले बूट. आणि शेवटी ठळक अक्षरात : ‘आईसाठी साडी नको. पँट. आण्णा, प्लीज.’

आता सुती नको म्हणजे काय? सोलापूरचा माणूस थंडीला निघाला तर चादरीच घेणार. मी चार घेतल्या, चांगल्या जाड. आपल्या चादरीनं भागत नाही अशी थंडी जगात असेल हे मला पटत नव्हतं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, हिंगाची डबी, सगळं भरलं. लेकीच्या सूचना मी कागदावर उतरवून घेतल्या, एकेक ओळ माझ्या यादीशी ताडून पाहिली आणि शेवटच्या ओळीवर लाल पेनानं काट मारली.

पण मी नुसती काट मारून थांबलो असतो तरी चाललं असतं. राजाबाई जन्मभर लुगडं नेसत आली. इरकली, नऊवार, मागं कासोटा घट्ट खोवलेला. सोलापुरात आल्यावरही तिनं ते सोडलं नव्हतं आणि मला ते घरात खटकत नव्हतं. पण ग्रुपची बैठक झाली तिथं मी पाहिलं, बावीस माणसं, डॉक्टरीणबाई, शिक्षिका, पेठेतल्या दुकानदारांच्या बायका. त्यांच्यात ही कासोटा घालून हिंडणार आणि लोक म्हणणार, भाऊसाहेबांची बायको मेंढरामागनं उठून आलीय. घरी येऊन मी फर्मान काढलं.

“तिथं लुगडं चालायचं नाही. गोल नेसायचं.”

“मला गोल नेसता येत न्हाय.”

“शिकायचं. महिना आहे.”

“अवो, पायात पाय येतोय त्यात. कासोटा घातला की पँटच की ती. लुगड्यात मी बाभळीवर चढलीया. डोंगरात ह्येच बरं पडंल.”

मी हसलो. मोठ्यानं हसलो. “पँट म्हणे! उद्या बूट-मोजे घालून कलेक्टर कचेरीत जाशील,” असं काहीतरी बोललो. नवी पेठेत जाऊन तीन सिंथेटिक साड्या मीच आणल्या, रंगही मीच निवडले. मग महिनाभर ती रोज दुपारी शेजारच्या बनाबाईकडून निऱ्या घालायला शिकायची आणि हॉलमध्ये इकडून तिकडं चालून बघायची. चाल तिची लांब टांगांची. साडीच्या घेरात ती टांग मावायची नाही, अडखळायची, भिंत धरायची. मी म्हणायचो, लहान पावलं टाक. साठीच्या बाईला मी चालायला शिकवत होतो.

निघायच्या आठवड्यात पुण्याहून कुरियरनं पुडकं आलं. आत निळी ट्रॅकपँट, आईच्या मापाची. मी ते तसंच माळ्यावर टाकलं. तिनं ते केव्हा उतरवलं आणि चटणीच्या डब्याखाली बॅगेत केव्हा घातलं, माझ्या यादीला पत्ता नव्हता.

गाडीत आमच्या समोरच्या बाकावर ग्रुपमधलेच खालिदभाई आणि त्यांच्या पत्नी शाइस्ता होत्या. खालिदभाईंचं मोटारींच्या सामानाचं दुकान, शाइस्ताबाई उर्दू शाळेत शिकवून रिटायर झालेल्या. दिल्ली येईपर्यंत दोन्ही बायकांचं मेतकूट जमलं. आमची कडक भाकरी त्यांच्या खिम्याबरोबर खाल्ली गेली आणि राजाबाईनं शाइस्ताबाईंना गारांची गोष्ट सांगितली. मला सांगायला तिला चाळीस वर्षं लागली, त्यांना दीड दिवस.

मनालीत पोचल्यावर पहिल्याच रात्री माझ्या चादरींची इज्जत गेली. चारही अंगावर घेतल्या तरी दात वाजायचे थांबेनात. हॉटेलवाल्यानं रजया दिल्या म्हणून वाचलो. राजाबाई अंधारात म्हणाली, “चादरी पडद्याला बऱ्या हायती.” मी झोपल्याचं सोंग केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस वर खिंडीकडं निघाली. वाटेत रस्त्याच्या कडेला दुकानांची रांग होती, प्रत्येकावर नंबर टाकलेला. तिथं बर्फात घालायचा पोशाख भाड्यानं मिळतो. पायांपासून गळ्यापर्यंत एकच कपडा, पुढून चेन, खाली गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गाईडनं सांगितलं, हे घातल्याशिवाय वर कोणाला नेणार नाही, ओलं होऊन माणूस आजारी पडतं. सगळे एकमेकांना बघून हसत हसत कपडे चढवू लागले. डॉक्टरीणबाई लाल पोशाखात, पेठेतल्या दुकानदारीणबाई पिवळ्या. त्या बायकांनी आदल्या रात्रीच साड्या सोडून पंजाबी ड्रेस घातले होते, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. ज्यांच्यासारखी दिसावी म्हणून मी राजाबाईला गोल नेसवली होती, त्यांच्यातली एकही साडीत नव्हती.

दुकानातली पहाडी बाई राजाबाईकडं बघून म्हणाली, “ये साडी पे नहीं चढेगा, माताजी. साडी उतारनी पडेगी.” मग तिच्या कमरेला हात लावून निऱ्यांचा घेर दाखवला. कासोटा असता तर वरून पाय घातले की झालं असतं. हे मला त्या क्षणी कळलं आणि कळलं म्हणूनच राग आला.

राजाबाईनं माझ्याकडं पाहिलं नाही. तिनं बॅगेतून निळी पँट काढली. शाइस्ताबाईंनी मी बसमध्ये पांघरलेली माझीच चादर घेतली, दुकानाच्या कोपऱ्यात दोन्ही हातांनी पसरून आडोसा केला आणि तोंड दुसरीकडं केलं. थोड्या वेळानं चादर खाली आली. आत राजाबाई उभी होती. निळी पँट, वर माझा जुना स्वेटर, हातात साडीची घडी. आपल्या पायांकडं बघत होती. एक पाऊल टाकलं, मग दुसरं, लांब टांगेचं. आणि तिनं वर बघून माझ्याकडं पाहिलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता, की मी तिला लग्नात पाहिली तेव्हाही तसा नव्हता.

मी जर तेव्हा काहीच बोललो नसतो! तोंडाला कुलूप लावून नुसता उभा राहिलो असतो तरी आज सुखानं जेवलो असतो. पण ग्रुपमधल्या एकानं सगळ्यांचे फोटो काढायला मोबाईल वर केला. माझ्या डोळ्यांसमोर भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप आला. दीडशे माणसं. बिभीषण भाऊसाहेबांची बायको पँटीत.

“हे काय सोंग काढलंयस?” मी म्हणालो. हळू म्हणालो असं मला वाटलं होतं, पण सगळ्या दुकानाला ऐकू गेलं. “नातवंडं व्हायचं वय झालं आणि पँटी घालतेस? जा, नेस परत.”

ती वळून कोपऱ्यात गेली. शाइस्ताबाईंनी परत चादर धरली. या वेळी बराच वेळ लागला, थंडीनं तिची बोटं चालत नसावीत. बाहेर आली ती साडी कशीबशी गुंडाळून, निऱ्या वर-खाली. खालिदभाई तेव्हा गुडघ्यावर बसून आपल्या बायकोच्या पायात गमबूट चढवत होते. त्यांनी मान वर केली. “भाऊसाब, भाबी नै आरे क्या?”

“तिचे गुडघे दुखतात,” मी म्हणालो. “ती बसेल खाली.”

आणि आता सगळ्यात वाईट ते सांगतो. मी वर गेलो. पैसे भरलेत, वाया कशाला घालवायचे, असं स्वतःला सांगून गेलो. बर्फ होता. ऊन पडलं होतं आणि डोळे उघडवत नव्हते. पाय ठेवला की आत जायचा, कुरकुर आवाज यायचा. मी एकदा घसरून पडलो आणि हसलो, मग मुद्दाम घसरलो. डॉक्टरीणबाईंच्या यजमानांनी माझ्यावर बर्फाचा गोळा मारला, मी त्यांना मारला. दोन तास मला बायकोची आठवण झाली नाही. हे कुणाला सांगितलेलं नाही, आज लिहितोय.

खाली आलो तर राजाबाई त्या दुकानाशेजारच्या चहाच्या टपरीपुढच्या फळीवर बसली होती. ती खालीच थांबणार म्हटल्यावर सगळ्यांनी आपले चपला-बूट तिच्याकडं ठेवले होते. तिनं एकवीस जोड लावून ठेवले होते, ज्याच्या त्याच्या माणसाप्रमाणं, नवरा-बायकोचे शेजारी शेजारी.

“कसा हुता बर्फ?” तिनं विचारलं.

“काही नाही गं. पांढरी माती. उगाच लोक वेडे होतात.”

तिनं मान हलवली. शाइस्ताबाईंनी तिच्यासाठी पोळीच्या डब्यात बर्फ भरून आणला होता. टपरीपर्यंत येईतो त्याचं पाणी झालं होतं, कडेला चिमूटभर राहिला होता तोही राजाबाईनं बोट लावेपर्यंत गेला. “गार हाय की,” ती म्हणाली आणि डबा धुऊन परत दिला. बसमध्ये ती माझ्याशेजारी बसली नाही. शाइस्ताबाईंच्या शेजारी बसली आणि उतरेपर्यंत त्यांना विचारत राहिली. पाय किती आत जातो, आवाज कसा येतो, हातात घेतला की काय होतं. मला वाटलं, बाई चौकशी करतेय. करू दे.

संध्याकाळी लेकीचा फोन आला, तोंड दिसणारा. “आई! बर्फ बघितलास? पँट घातलीस ना? फोटो कुठंय?”

लेक बापाला ओळखून होती, तिनं ‘प्लीज’ उगाच लिहिलं नव्हतं.

“घातली की,” राजाबाई म्हणाली. “लई चालले बघ. ह्यांचा मोबाईल गारठला आन् बंदच पडला, फोटू न्हाय निगालं.” मग तिनं पाय कसा आत जातो ते सांगितलं, कुरकुर आवाज सांगितला. लेक खूश झाली. मी शेजारी बसून हो-हो करत होतो.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, “खोटं कशाला सांगितलंस?”

“मग काय सांगू?” ती म्हणाली. मी गिझर बघायला बाथरूममध्ये गेलो.

महिन्याभरानं वाडीवर गेलो. लिंबाखाली बायका जमल्या. माझी वहिनी मायाक्का, चुलत्यांच्या सुना, सगळ्या. राजाबाई लुगड्यात मध्ये बसली होती. मायाक्का म्हणाली, “सांग की गं, बर्फ कसा असतोय?”

“कातरलेल्या लोकरीच्या ढिगावर पाय पडल्यावानी,” राजाबाई म्हणाली. “घुडघ्यापतोर आत. उचलायचा म्हटलं की जोर लागतोय. हातात घेतला तर आदी भाजल्यागत हुतंय, मग बोटंच कळत न्हाईत.” सगळ्या तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. “एकदा पडलेच असते. पर ह्यांनी हात धरला हुता माजा. वरपतोर सोडला न्हाय.”

सगळ्यांनी वळून माझ्याकडं पाहिलं. मायाक्का म्हणाली, “व्हय का वो भावजी?”

मी म्हणालो, “व्हय.”

झाकली मूठ सव्वालाखाची म्हणतात. माझी मूठ तिनं झाकली होती, तीही मी न सांगता. त्या दिवसापासून वाडीत माझं वजन वाढलं. पुतण्यांच्या बायका नवऱ्यांना माझं उदाहरण देतात.

पुढचं वर्ष मी कसं काढलं ते माझं मला ठाऊक. जेवताना, पेपर वाचताना, मध्येच ती चादर खाली येते आणि निळ्या पँटीतली बाई एक पाऊल टाकते. या मार्चमध्ये मला राहवलं नाही. ग्रुपवाल्याकडं जाऊन मी परत दोघांची नावं घातली. घरी येऊन म्हणालो, “राजाबाई, मनालीची नावं घातली. तुला पाहिजे ते नेस. लुगडं नेस, पँट घाल. मी तुझ्यासंगं चालीन.”

ती गहू निवडत होती. हात थांबले नाहीत.

“आता कसं जमंल?” ती म्हणाली. “मायाक्काला कळलं की ती संगं येती म्हनंल. लेकबी पुढच्या बारीला संगं येनार म्हनत हुती. तिच्यापुढं मी बर्फावर पयलं पाऊल टाकीन आन् माज्या तोंडावर दिसंल की वो. मला न्हाय लपवता यायचं त्ये.”

“मग मी लेकीला खरं सांगतो,” मी म्हणालो. “आत्ताच फोन लावतो. काय म्हणायचं ते म्हणू दे मला.”

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. “खबरदार सांगाल तर. तिचं लगीन ठरतंय आता. बापाचं असलं काय पोटात घिऊन तिनं जायचं न्हाय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “लोकांस्नी सांगून सांगून मला आता खराच बघितल्यागत वाटतोय. ऱ्हाऊ द्या.”

माझा मोबाईल हातात होता. लेकीचं नाव पडद्यावर काढलेलं होतं, फक्त बोट टेकवायचं बाकी होतं. ते मी टेकवायला हवं होतं. राजाबाईचं न ऐकता, आयुष्यात एकदा, टेकवायलाच हवं होतं. पण ती ‘राहू द्या’ म्हणाली आणि मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. मी मोबाईल खिशात घातला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन आमची नावं कमी करून आलो.